दोन वाढदिवस केले तर दोन वर्षांनी मोठं होता येतं का?

चार वर्षांच्या मुलाला सहज म्हणून पाहा, "यंदा तुझा वाढदिवस नाही करायचा हं." बहुतेक मुलं हिरमुसतात, आणि केक हुकणार म्हणून हिरमुसतात असं आपण धरून चालतो. पण काहींची चिंता त्याहून मोठी असते. वाढदिवस झाला नाही म्हणजे आपण पाच वर्षांचे होणारच नाही. वर्गातले सगळे पुढे जाणार आणि आपण चारावरच अडकणार!

ही कल्पना एखाद्या घरापुरती नाही, मानसशास्त्रज्ञांनी ती रीतसर तपासली आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या जॅकलीन वुली यांनी एका सहसंशोधिकेबरोबर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लहान मुलांना छोट्या गोष्टी सांगितल्या. एका मुलीचा वाढदिवस आला, पण पार्टी झालीच नाही. दुसरीच्या मात्र दोन पार्ट्या झाल्या. मग विचारलं, आता ही किती वर्षांची? पार्टी हुकलेली मुलगी होती तेवढ्याच वयाची राहिली, असं म्हणणारी मुलं निघाली. जिच्या दोन पार्ट्या झाल्या तिचं वय दोनदा वाढवणारीही निघाली. इस्रायलमध्ये क्लाविर आणि लायझर या संशोधकांनी २००२ मध्ये असाच अभ्यास मांडला होता. तिथेही लहान मुलांच्या मते वय वाढायचं ते समारंभामुळे. सात-आठ वर्षांच्या आसपास ही समजूत आपोआप गळून पडते, शिकवणी लावावी लागत नाही.

आपण हसतो खरं, पण त्या मुलाच्या हाती पुरावा काय आहे ते पाहा. काल रात्री झोपताना तो चार वर्षांचा होता. आज सगळे म्हणतात पाच. मधे बदललं काय? चपला त्याच, दारामागच्या भिंतीवरची उंचीची रेघ तीच, सायकलवर पाय कालही टेकत नव्हते आणि आजही टेकत नाहीत. बदललं ते एवढंच, की फुगे लागले, औक्षण झालं, केक कापला आणि आल्यागेल्या प्रत्येकाने "आता किती वर्षांचा झालास?" असं विचारलं. पृथ्वीने सूर्याभोवती एक फेरी मारली हे काही खिडकीतून दिसत नाही. आणि "मी उद्या मामाकडे गेलो होतो" असं म्हणणाऱ्याकडून ३६५ दिवसांचा हिशेब कसा अपेक्षित धरायचा? डोळ्यांना दिसणारं एकच कारण समोर असताना त्याने ते धरलं, तर माझ्या मते ते तर्काला धरूनच झालं.

मराठी घरांत तर ऑस्टिनमधला तो दोन पार्ट्यांचा प्रयोग दरवर्षी होत असतो. आजीच्या आग्रहाने तिथीला औक्षण आणि गोडाचं जेवण, मग तारखेला केक. मुलाने विचारलं, की "मी दोनदा सहा वर्षांचा झालो का?", तर उत्तर देताना मोठ्यांचीच तारांबळ उडते. खरं उत्तर आकाशात आहे. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, त्यामुळे तिथी तारखेच्या तुलनेत दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. चंद्राचे २३५ महिने जवळजवळ १९ सौर वर्षांएवढे भरतात. म्हणून एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने. अडचण एवढीच, की एकोणिसाव्या वर्षी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वयाबद्दलच्या दुसऱ्या गमतीदार समजुतीचा माग स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी घेतला. १९२८ मध्ये दावोसला खुद्द आइनस्टाइनने त्यांना सुचवलं होतं, की मुलांना काळ आधी कळतो की वेग, हे शोधा. त्यातून झालेलं काम त्यांनी १९४६ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं, आणि त्यात वयावरही भरपूर मजकूर आहे. साडेचार वर्षांच्या एका मुलीशी झालेलं त्यांचं बोलणं तर फारच मजेचं आहे. तिच्या मते ती धाकट्या बहिणीपेक्षा मोठी, कारण ती उंच. पण दोघी थोर झाल्यावर मोठी कोण असेल? ते सांगता येत नाही! आजी आईपेक्षा मोठी? छे, दोघी सारख्याच. आजीचं वय दरवर्षी वाढतं का? नाही, ती आहे तशीच राहते. आईही तशीच राहते. वाढतात त्या फक्त ती आणि तिची बहीण.

वय म्हणजे उंची, एवढं एक गृहीत धरलं की ही सगळी उत्तरं बिनचूक लागतात. आजी उंच होत नाही, म्हणजे तिचं वय थांबलं. बहीण उद्या उंच झाली तर तीच मोठी. पियाजे यांनी झाडांचंही विचारलं. आधी लावलेलं सफरचंदाचं झाड सावकाश वाढलं, नंतर लावलेलं पेअरचं भराभर वाढून त्याच्या पुढे गेलं. लागवड कधी झाली हे चित्रांतून दाखवूनही लहानग्यांनी ठरवलं, की पेअर मोठं, म्हणून त्याचंच वय जास्त.

हे गृहीतक टाकाऊ म्हणता येणार नाही. बालवाडीपासून आठवीपर्यंत उंचीवरून वयाचा अंदाज बराच बरोबर येतो. हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चेच्या चकत्या असतात. किशोरवयाच्या शेवटी त्यांचं हाड बनतं आणि उंची थांबते. मुलाच्या ओळखीतले निम्मे लोक त्या टप्प्याच्या अलीकडचे, म्हणजे त्याच्यासारखेच वाढते असतात. त्यांच्यापुरता त्याचा नियम चालतो. फसतो तो बुटक्या काकू आणि उंच मावसभाऊ समोर आले की. आणि एका रात्रीत मोठं झाल्याचा दावाही सरसकट हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या मिशेल लँपल यांनी तान्ह्या बाळांची लांबी वारंवार मोजली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडला, की बरेच दिवस वाढ शून्य असते आणि मग एकदम अर्धा ते अडीच सेंटिमीटरची उडी येते. सगळ्यांनाच तो पटला नाही, वाद झाले. पण "काल बसत होतं ते झबलं आज घट्ट" अशी तक्रार करणाऱ्या आयांना त्याचं फारसं नवल वाटणार नाही.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र वेगळंच. "मी मोठा झालो की तू लहान होशील, मग मी तुला कडेवर घेईन," असं आईला सांगणारं मूल प्राण्यांच्या बाबतीत सहसा असं चुकत नाही. कार्ल रोझेनग्रेन, सुझन गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की प्राणी काळाबरोबर मोठे होतात, उलटे लहान होत नाहीत, हे तीन वर्षांच्या मुलांनाही ठाऊक असतं. जपानमध्ये कायोको इनागाकी आणि गियू हातानो यांनी मुलांना विचारलं, की सशाचं गोंडस पिल्लू कायम तेवढंच ठेवता येईल का? नाही, असं मुलांनी सांगितलं, आणि कारणही दिलं: मी कसा मोठा होतोय, तसाच तोही होणार. म्हणजे शरीर आपल्या मर्जीवर वाढत नाही किंवा थांबत नाही, ही जाण त्यांच्यापाशी असते. गोंधळ होतो तो वयाच्या आकड्याचा, आणि तो आकडा ठरवला आहे मोठ्यांनी.

मोठ्यांनी तो सरळ ठरवला असता तरी एक वेळ ठीक होतं. कोरियात जन्मलेलं बाळ परंपरेने पहिल्याच दिवशी एक वर्षाचं, आणि नवीन वर्ष लागलं की सगळ्यांचंच वय एकाने वाढायचं. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ १ जानेवारीला दोन वर्षांचं! तिथे नववर्षाला तांदळाच्या चकत्या घातलेलं 'तोकगुक' नावाचं सूप खातात, आणि ते खाल्लं की एक वर्ष वाढलं असं मानतात. किती वाट्या तोकगुक खाल्लंस, असं विचारून वय काढून घ्यायचीही पद्धत आहे. तिथलं एखादं पोर दोन वाट्या संपवून दोन वर्षांनी मोठं व्हायला निघालं, तर त्याला दोष कसा द्यायचा? सरकारी कामकाजातून ही वयमोजणी जून २०२३ मध्ये गेली आणि कागदोपत्री कोट्यवधी लोक एका झटक्यात एक-दोन वर्षांनी लहान झाले. शर्यतीच्या घोड्यांची तऱ्हा आणखी न्यारी. उत्तर गोलार्धात ते सगळे १ जानेवारीला एकदमच एका वर्षाने मोठे होतात, मग शिंगरू एप्रिलमध्ये जन्मलेलं का असेना.

वाढदिवस झाला तरच वय वाढतं, हा मुलांचा नियम मोरारजी देसाईंना लावून पाहण्यासारखा आहे. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांची पहिली खरी २९ फेब्रुवारी थेट १९०४ मध्ये आली. मार्च १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा अशा तारखा भरल्या होत्या एकोणीस. त्या काळी मतदानासाठी २१ वर्षं पूर्ण लागत, म्हणजे या हिशेबाने पंतप्रधानांना मत देण्याचाच अधिकार नव्हता.

आणि महाराष्ट्रातला १ जून? एका पिढीतल्या असंख्य माणसांचा कागदावरचा वाढदिवस हाच आहे. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी पोराकडे पाहून अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुष्कळदा अंदाजाचा आधार उंचीच असायचा, म्हणजे पियाजेंच्या त्या मुलीचीच रीत. अशा अंदाजाने टाकलेल्या तारखेवर नोकरी लागली, बढती मिळाली आणि निवृत्तीही आली. सरकारी कार्यालयांत ३१ मे रोजी एकाच दिवशी इतके निरोपसमारंभ होतात ते त्यामुळेच. त्यांतल्या एखाद्याच्या आईला खरी जन्मतारीख विचारली, तर ती सांगते, की कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा रांगत होता.