तिसऱ्या घेताना विचारा, कुठल्या खाडीतल्या?

सोलापूरच्या बाजारात उजनीची मासळी जवळची. तिसऱ्या, कालवं ही शिंपल्यातली मासळी येणार ती कोकणातून, बर्फात, तीनशेहून जास्त किलोमीटरवरून. त्यामुळे आपण ‘ताज्या आहेत का?’ एवढंच विचारतो. पण माल कुठल्या खाडीतला, हे आधी विचारायला हवं.

शिंपल्यातला जीव पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खातो. मोठं कालव तासाला चार-पाच लिटर पाणी सहज गाळतं. खाडीत सांडपाणी मिसळत असेल, तर त्यातले जिवाणू-विषाणूही त्याच्या पोटात साठतात. मासा आपण पोट काढून शिजवतो, तिसरी पोटासकट खातो. 1988 साली शांघायमध्ये अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती.

युरोपातले नियम म्हणूनच खाडीपासून सुरू होतात. 100 ग्रॅम मांसात ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूंची संख्या 230 च्या आत असेल, तरच ती खाडी पहिल्या दर्जाची आणि माल थेट विकता येतो. 4600 पर्यंतच्या खाडीतला माल आधी स्वच्छ समुद्रपाण्याच्या टाक्यांत ठेवतात. तिथे जिवाणू बरेचसे बाहेर पडतात. विषाणू चिवट, ते मागे राहतात. अमेरिकेत प्रत्येक पोत्याला कुठून, कधी काढलं याची चिठ्ठी असते आणि विक्रेत्याला ती 90 दिवस जपावी लागते, कारण शिंपल्यांतून होणारी कावीळ उमटायला महिना-दीड महिना लागू शकतो. मला या सगळ्यात ही चिठ्ठीच सर्वांत मोलाची वाटते. समुद्रापासून जितकं लांब, तितकी तिची गरज जास्त.

उजनीचं पाणी हिरवं पडतं, ते सोलापूरकरांनी पाहिलंय. समुद्रातही सूक्ष्म शेवाळ असंच माजतं आणि त्याच्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते शिंपल्यात साठतं. खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, जास्त पोटात गेलं तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. कितीही उकळलं तरी हे विष जात नाही आणि चवीला, वासाला कळत नाही. भारतात त्याची मर्यादा 100 ग्रॅमला 80 मायक्रोग्रॅम आहे. ती तपासता येते फक्त प्रयोगशाळेत.

घेताना उघड्या तिसरीवर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही तर टाकून द्या. वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्यात बुडालेल्या घेऊ नका, त्यात त्या मरतात. घरी आणल्यावर बंद प्लास्टिकमध्ये न ठेवता ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवा. आणि रस्सा करताना शिंपल्यांनी तोंड उघडलं की लगेच गॅस बंद करू नका. आणखी पाचेक मिनिटं चांगली उकळी येऊ द्या.