निळा अन पिवळा डार्ट फ्रॉग: जात वेगळी का नुसता रंग वेगळा?

"दादा, निळा अन पिवळा एकाच टाकीत टाकला तर चालतंय का?" हे डार्ट फ्रॉगबद्दल, म्हणजे मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या, रंगीत, रानात विषारी असणाऱ्या बेडकांबद्दल, ते पाळणारी लातूर-नांदेडकडची पोरं सारखं विचारायलीत, आणि जो तो "मिक्सिंग करू नको" एवढं सांगून मोकळा होतो. पण मिक्सिंग दोन प्रकारचं असतंय. दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवणं हे एक, आणि एकाच जातीचे दोन रंग म्हणजे मॉर्फ एकत्र ठेवणं हे दुसरं. नुकसान दोन्हीत आहे पण सारखं नाही, अन नुसता रंग बघून आपण नेमकं काय करायलोय ते कळत नाही.

आता अझुरियस नावाचा डार्ट फ्रॉग घ्या, निळाभोर, अंगावर काळे ठिपके, दक्षिण सुरिनाममधल्या सिपालिविनी भागातला. १९६९ साली त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलेलं, पण आता तो टिंक्टोरियस या जातीचाच एक मॉर्फ धरतात. म्हणजे निळा अझुरियस आणि पिवळा-काळा टिंक्टोरियस दिसायला जमीन-अस्मानाचा फरक, पण जात एकच. उलट व्हेनेझुएलाकडचा ल्युकोमेलास, तोही पिवळा-काळाच, नवख्याला टिंक्टोरियसचाच भाऊ वाटतो, पण जात पार वेगळी. बेडकाच्या रंगावर जाऊ नये हे खरं तर आपल्याला माहीत पाहिजे, मृगाच्या जोरदार पावसानंतर रानात साचलेल्या पाण्यात आपले मोठे बेडूक पिवळेधमक होऊन ओरडायला लागतात अन कुणीतरी "विषारी बेडूक आले" म्हणून व्हिडिओ फिरवतोच, ते सगळे नर असतात, मादी तिथंच मातकट रंगाची बसलेली असते, व्हिडिओत कुणाला दिसत पण नाही.

तर मॉर्फ मिसळले की काय होतं? भांडण झालं नाही तर वरवर काहीच होत नाही, आणि तीच अडचण आहे. जोडी जमते, अंडी होतात, पिल्लं धडधाकट निघतात अन पुढं त्यांनाही पिल्लं होतात. देवणी आणि लालकंधारीचा संकर केल्यावर वासरू चांगलंच होतं, पण ते धड देवणी नाही अन धड लालकंधारी नाही, तसंच हे. त्यातलं एखादं पिल्लू बापासारखं दिसलं की कुणीतरी ते शुद्ध म्हणून विकतं आणि तिथून ती लाइन, म्हणजे त्या मॉर्फची पुढची वंशावळ, कायमची गढूळ.

जाती मिसळल्या तर त्रास बेडकालाच, अन लवकर. टेरिबिलिस हा डार्ट फ्रॉग जवळपास ५ सेंटीमीटरचा आणि खादाड, रॅनिटोमेया गटातले चिमुकले डार्ट फ्रॉग २ सेंटीमीटरच्या आतबाहेर, दोघांच्या पुढ्यात एकच फळमाशी टाकली तर कोण उपाशी राहणार ते सांगायला नको. "एक खाली राहतो एक झाडावर, भांडण कशाला होईल" हे लई ऐकलंय, पण घरातल्या दोन फुटी टाकीत खायच्या वेळेला सगळे एकाच कोपऱ्यात येतात. टिंक्टोरियसच्या माद्या तर आपल्याच जातीतल्या दुसऱ्या मादीला सोडत नाहीत, पाठीवर चढून दाबून धरतात, हरलेली पानाखाली जाऊन बसते, खाणं सोडते, आणि मालकाला वाटतं लाजाळू आहे. वर रोगाचं वेगळंच. जगभर बेडकांच्या मुळावर उठलेली कायट्रिड बुरशी १९९९ मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय नावानं नोंदली गेली, ती वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधल्या निळ्या डार्ट फ्रॉगवरूनच. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले बेडूक सरळ एकत्र सोडणारे हे विसरतात.

अन "जात वेगळी म्हणजे पिल्लं होणार नाहीत" हे पण धरून चालू नका. टिंक्टोरियस, ऑरेटस, ल्युकोमेलास एकाच वंशातले, त्यांचा आपसात संकर होतो.

विषाची भीती मात्र इथं गैरलागू. ते विष जंगलातल्या मुंग्या अन माइट्स (कोळ्याच्या जातीचे बारीक जीव) खाऊन येतं, फळमाशी आणि स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक किडे) यांच्यावर टाकीतच वाढलेल्या बेडकात नसतं.

झूमध्ये एकत्र दिसतात म्हणणाऱ्यांना एवढंच, तिथं जागा मोठी असते, लक्ष ठेवायला पगारी माणूस असतो. आपल्याकडं लोक मिक्स का करतात त्याचं खरं कारण वेगळंय: मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री, बेडकाला पाहिजे २२ ते २६, तिशीच्या वर गेलं की जीवावर बेततं, मग दोन टाक्या कशा थंड ठेवायच्या? अहो, टाकी नाही खोली थंड करा. एका एसीच्या खोलीत चार छोट्या टाक्या बसतात, प्रत्येकीत एकच जात, एकच मॉर्फ, आणि काचेवर नाव अन कुठून आणला ते चिकटवून ठेवा. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी पण करा, हे बेडूक साइटिसच्या (रानटी प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत अन २०२४ च्या नियमांनी ती लागते. आधीच मिसळले असतील तर आजच वेगळे करा, आणि टाकीत अंडी सापडली तर वाढवत बसू नका, काढून टाका.