डक्टमधला यूव्ही दिवा: घेण्याआधी एवढं वाचा

“एसीच्या डक्टमध्ये दिवा बसवून द्या, म्हणजे विषाणूची कटकट मिटली,” असं म्हणत बरेच ग्राहक येतात. दिवे बसवणं हाच आमचा धंदा आहे, तरीही आधी ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि फिल्टर बघू द्या, असं आम्ही म्हणतो. दिव्याचा उपयोग फक्त त्याच्या समोरून जाणाऱ्या हवेला. खोलीतली हवा रिटर्न डक्टमध्ये, म्हणजे ती यंत्राकडे परत नेणाऱ्या नळीत, नीट ओढलीच जात नसेल, तर दिवा नुसतं वीजबिल वाढवतो.

या दिव्यातून यूव्ही-सी (अतिनील) किरण निघतात, बहुतेक 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे. ते विषाणूच्या जनुकीय साखळीतले, म्हणजे आरएनए किंवा डीएनएतले, शेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. मग त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. कल्पना नवी नाही. अमेरिकी अभियंते विल्यम वेल्स यांनी 1937 पासून फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत असे दिवे लावले आणि त्या वर्गांत गोवर कमी पसरला. मात्र ते दिवे वर्गातच, डोक्याच्या वर लावलेले होते, डक्टमध्ये नव्हते. जाहिरातीत हा तपशील सहसा गाळलेला असतो.

कोणता दिवा, किती ताकदीचा?

सगळा हिशेब डोसचा, म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. मोठ्या यंत्रणेत हवा सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने धावते. एक मीटरचा टप्पा धरला, तर विषाणू दिव्यासमोर जेमतेम अर्धा सेकंद असतो. तेवढ्यात काम व्हायचं तर दिवे दणकट हवेत. कॉइलवर, म्हणजे एसीतल्या हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, बुरशी आणि चिकट थर धरू नये म्हणून लावायचा दिवा निराळा. कॉइल जागची हलत नाही, दिवसभर किरण खाते, म्हणून तिथे कमी ताकद पुरते. कॉइलचा दिवा हवेसाठी म्हणून कोणी गळ्यात मारत असेल, तर डोसचा हिशेब लेखी मागा.

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस खोकला, तर ती हवा डक्टपर्यंत पोचण्याआधी तुमच्या नाकात जाते. तिथे डक्टमधला दिवा काही करू शकत नाही. साध्या स्प्लिट एसीला तर डक्टच नसतो. अशा खोलीत आधी बाहेरची ताजी हवा आत घ्या.

बसवल्यानंतर

निळा उजेड दिसतोय म्हणजे दिवा काम करतोय, असं नाही. यूव्ही-सी डोळ्यांना दिसत नाही. उजेड तसाच राहतो, किरण मात्र घटत जातात. बहुतेक दिव्यांचं आयुष्य 9,000 तासांच्या आसपास, म्हणजे अखंड चालवले तर साधारण वर्षभर. नळीवर धूळ किंवा बोटांचे ठसे असले तरी मार बसतो. वीज बंद करून, दिवा गार झाल्यावर, हातमोजे घालून अल्कोहोलने पुसा.

पेटलेल्या दिव्याकडे क्षणभरही बघू नका. त्या वेळी काही जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. म्हणून दार उघडताच दिवा विझवणारा स्विच आम्ही लावतोच, तो काढून किंमत कमी करून मिळणार नाही. या किरणांनी प्लास्टिकही ठिसूळ होतं, त्यामुळे जवळच्या वायरी आणि फिल्टर झाकावे लागतात. दिवा ओझोन न सोडणाराच घ्या. नळीत थोडा पारा असतो, तेव्हा जुना दिवा कचऱ्यात टाकू नका, आमच्याकडे परत द्या.

आम्ही पाहणीला येण्याआधी यंत्रावरच्या पाटीचा फोटो, फिल्टर शेवटचा कधी बदलला ती तारीख आणि ब्लोअर रोज किती तास चालतो, एवढं कळवून ठेवा.