न मोजता कळणारी संख्या

१८७१ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने स्वतःवरच एक प्रयोग केला. त्यासाठी लागले मूठभर काळे दाणे आणि एक कागदी डबी. दाणे डबीच्या रोखाने टाकायचे, काही आत पडत, काही बाहेर. आतले दाणे स्थिरावताच मनात येईल तो आकडा लिहायचा आणि मग खरोखर मोजायचे. असे त्याने १,०२७ वेळा केले. दाणे तीन किंवा चार असताना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढतच गेल्या.

पण त्या चुका वाटेल तशा नव्हत्या. उत्तर खऱ्या संख्येच्या आसपासच फिरत होते. संख्या मोठी, तसा फरकही मोठा. या अंदाजाला वजाबाकी कळत नाही, प्रमाण कळते. १० आणि २० ठिपक्यांतला फरक क्षणात जाणवतो, पण ९० आणि १०० समोर आले की आपण गोंधळतो. दोन्हीकडे फरक दहाचाच आहे, तरीही.

ही जाण शाळेत मिळत नाही. सहा महिन्यांच्या बाळांना ८ ठिपक्यांची चित्रे कंटाळा येईपर्यंत दाखवली आणि मग १६ ठिपके समोर आणले, तर ती जास्त वेळ टक लावून पाहतात. ८ नंतर १२ आणले तर मात्र त्यांना फरक पडलेला दिसत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचापुढच्या संख्यांना शब्द नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ठिपक्यांच्या मोठमोठ्या समूहांची तुलना जवळपास फ्रेंच लोकांइतकीच चांगली केली. अडले ते नेमक्या वजाबाकीत.

इथे एक रास्त शंका येते. जास्त ठिपके म्हणजे जास्त रंग, जास्त व्यापलेली जागा; मेंदू तेवढेच पाहून ठरवत नसेल कशावरून? संशोधक ठिपक्यांचे आकार आणि अंतरे बदलून ही पळवाट बंद करू पाहतात, आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. तरी एक पुरावा मला फार बोलका वाटतो. ठिपक्यांच्या जोड्या बारीक रेघांनी जोडल्या की कागदावरची शाई वाढते, पण ठिपके कमी वाटू लागतात. म्हणजे मेंदू शाई मोजत नाही. वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे तो आधी ठरवतो.

त्याहून विलक्षण प्रयोग डेव्हिड बर आणि जॉन रॉस यांचा, २००८ सालचा. नजर मधोमध स्थिर ठेवायची. एका बाजूला ठिपक्यांची दाटी, दुसऱ्या बाजूला मोजकेच. काही वेळाने दोन्हीकडे सारखे ठिपके दाखवले, तर दाटीच्या जागचे ठिपके स्पष्टपणे कमी दिसतात. सारखे आहेत हे माहीत असूनही! लाल रंगाकडे एकटक पाहून पांढऱ्या भिंतीकडे वळल्यावर हिरवट डाग दिसतो, त्याच जातीचा हा भास. रंगासारखीच संख्याही डोळ्यांना ‘दिसते’, असे त्यांचे म्हणणे.

मग ती मेंदूत उमटते कशी? २००२ साली आंद्रेआस नीडर आणि अर्ल मिलर यांना माकडांच्या मेंदूत विशिष्ट संख्येला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी सापडल्या. चाराची पेशी चार ठिपक्यांना सर्वाधिक उत्तेजित होते, तीन आणि पाचालाही थोडीफार. संख्या वाढते तशी ही निवड ढिली पडत जाते आणि आपला अंदाजही धूसर होतो.

पुढे माणसांतही अशा पेशी आढळल्या. अपस्माराच्या उपचारांसाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, अशा रुग्णांच्या पेशींची नोंद घेऊन २०२३ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लहान संख्यांच्या पेशी शेजारच्या संख्यांना दाबून टाकतात, म्हणून त्यांचा प्रतिसाद काटेकोर असतो; मोठ्या संख्यांच्या पेशींत ही दाब टाकण्याची सोय दिसत नाही. दोहोंमधली सीमा चाराच्या आसपास निघाली. जेव्हन्सचे दाणे जिथे चुकायला लागले, नेमकी तिथेच.