अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा राजकीय कल मोजायचा कसा?

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक बर्न्ड लुके मॅक्रोइकॉनॉमिक्सचं व्याख्यान द्यायला उभे राहिले, पण घोषणांच्या गदारोळात त्यांना काही बोलताच येईना. सभागृह निदर्शकांनी भरलं होतं. शेवटी व्याख्यान न देताच ते पोलिसांच्या संरक्षणात बाहेर पडले. पुढचा तासही उधळला गेला. लुके यांनी २०१३ मध्ये ‘एएफडी’ (‘जर्मनीसाठी पर्याय’) हा पक्ष स्थापन केला होता, त्याचा हा राग. सुरुवातीला युरो चलनाला विरोध हा या पक्षाचा मुख्य मुद्दा होता आणि संस्थापकांत अर्थशास्त्राचे इतके शिक्षक होते की वृत्तपत्रं त्याला ‘प्राध्यापकांचा पक्ष’ म्हणत. पक्ष कडव्या उजवीकडे सरकत गेला, जुलै २०१५ मध्ये लुके अध्यक्षपदाची निवडणूक हरले आणि पक्षातून बाहेर पडले. विद्यापीठातली खुर्ची मात्र त्यांची वाट पाहत होती.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ म्हणजे बाजारवादी, काटकसरी आणि जरा उजवेच, ही समजूत अशा प्रसंगांतून पक्की होते. गंमत अशी, की दीडशे वर्षांपूर्वी याच जमातीवर नेमका उलटा आरोप होता. १८७३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव श्मोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फेराइन फ्युअर सोत्सियालपोलिटिक’ ही संघटना उभी केली. कामगार कायदे हवेत, सरकारनं हस्तक्षेप करावा, असं ते म्हणत. उदारमतवादी टीकाकार त्यांना ‘व्यासपीठावरचे समाजवादी’ म्हणून हिणवत. (न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्यात इंग्रजी सिद्धांत सगळीकडे सारखे लागू पडत नाहीत हे सांगताना त्यांनी श्मोलर यांच्याच जर्मन ऐतिहासिक परंपरेचा आधार घेतला होता.) पुढे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी संघटनेतल्या ज्येष्ठांना धारेवर धरलं: काय आहे ते सांगा, काय असावं ते विज्ञानाच्या नावावर खपवू नका. हा वाद इतका चिघळला की जानेवारी १९१४ मध्ये त्यावर बंद दाराआड बैठक झाली आणि तिचं इतिवृत्त ठेवायचं नाही असं ठरलं. आज हाच वाद ‘एक्स’वर (पूर्वीच्या ट्विटरवर) होतो आणि प्रत्येक शब्दाचा स्क्रीनशॉट निघतो.

पण कल मोजायचा कसा? सरळ मार्ग म्हणजे विचारणं. स्विस अर्थशास्त्रज्ञ ब्रूनो फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, पश्चिम जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स अशा पाच देशांतल्या अर्थशास्त्रज्ञांना एकच प्रश्नावली पाठवली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकन, जर्मन आणि स्विस मंडळी बाजार व स्पर्धेच्या बाजूनं झुकलेली निघाली, फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सरकारी हस्तक्षेपाच्या बाजूनं. म्हणजे झ्युरिक आणि व्हिएन्ना, दोन्हीकडे जर्मन बोलणारे प्राध्यापक, तरी मतं वेगळी. आणि व्हिएन्ना तर मिझेस आणि हायेक या अर्थशास्त्रज्ञांच्या कट्टर बाजारवादी परंपरेचं शहर! पण महायुद्धानंतरचा ऑस्ट्रिया सरकारी उद्योगांवर आणि मालक-कामगारांच्या संस्थात्मक समझोत्यावर उभा राहिला. तिथे वाढलेल्या अर्थशास्त्रज्ञाला सरकार परकं वाटत नसेल, तर नवल नाही.

विचारण्यात एक खोट असते: माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरं. झ्युरिक विद्यापीठात योगायोगानं यावर उपाय सापडला. तिथे दर सत्राची फी भरताना विद्यार्थ्याला दोन ऐच्छिक निधींबद्दल विचारलं जाई. एक अडचणीतल्या विद्यार्थ्यांना कर्ज देण्यासाठी, सात फ्रँकचा. दुसरा परदेशी विद्यार्थ्यांसाठी, पाच फ्रँकचा. एकाला द्या, दोन्हींना द्या किंवा कुणालाच देऊ नका. कुणी पाहत नाही, कुणी जाब विचारत नाही. फ्राय आणि श्टेफान मायर यांनी या खऱ्याखुऱ्या नोंदी तपासल्या. प्रश्न जुनाच होता: अर्थशास्त्र शिकून माणूस स्वार्थी होतो का? उत्तर निघालं, नाही. शिक्षणामुळे देण्याचं प्रमाण घटत नव्हतं. जो फरक होता तो पहिल्या व्याख्यानाच्या आधीपासूनच होता. तशी वृत्ती असलेले विद्यार्थीच त्या शाखांकडे जात होते. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात कुणाचंही मत विचारलेलं नाही. अर्थात बारा फ्रँकची उदारता म्हणजे राजकीय कल नव्हे. पण अभ्यासक्रमच मुलांना उजवीकडे वळवतो, असं ठासून सांगणाऱ्यांनी आधी हे आकडे पाहायला हवेत.

दुसरा प्रयोग जास्त बोचरा आहे. मोहसेन जावदानी आणि हा-जून चँग यांनी १९ देशांतल्या २,४२५ अर्थशास्त्रज्ञांना ऑनलाइन काही विधानं दाखवली आणि ती कितपत पटतात ते विचारलं. विधान तेच, पण त्याखालचं नाव चिठ्ठ्या टाकल्यासारखं बदललेलं. कुणाला मुख्य प्रवाहातलं नाव दिसे, कुणाला डाव्या किंवा प्रवाहाबाहेरच्या विचारवंताचं, कुणाला नावच नाही. प्रवाहाबाहेरचं नाव दिसलं किंवा नाव काढूनच टाकलं, की सहमती घटत होती. आणि याच मंडळींपैकी बहुसंख्य सांगत होते की विधान पारखताना फक्त आशय पाहावा, कुणी म्हटलं ते पाहू नये! हा प्रयोग केवळ जर्मनांवर झालेला नाही. पण उजवे-डावे हा कल प्रश्नावलीतल्या उत्तरांपेक्षा ‘कुणाचं ऐकायचं’ यात जास्त मुरलेला असतो, हे त्यातून दिसतं.

जर्मनीत कुणाचा कुणावर विश्वास आहे, याची मोजदाद करायची एक खास सोय आहे: जाहीर पत्रकं. तिथल्या प्राध्यापकांना सह्या गोळा करायचा भारी शौक. १९९८ मध्ये १५५ जणांनी सही करून सांगितलं की युरो फार लवकर येतोय. २००५ मध्ये हॅम्बुर्गच्या तीन प्राध्यापकांनी काटकसर आणि श्रमबाजारातल्या सुधारणांसाठी आवाहन काढलं. त्या तिघांतले एक लुके. २००९ मध्ये कलोन विद्यापीठातल्या नेमणुकांवरून ठिणगी पडली. ८३ प्राध्यापकांनी ‘आर्थिक धोरण हा विषय वाचवा’ अशी हाक दिली, तर १८८ जणांनी उलट पत्रक काढून आंतरराष्ट्रीय दर्जाच्या संशोधनाची बाजू घेतली. इथे फूट डावी-उजवी नव्हतीच. ती पिढ्यांमधली होती. एकीकडे फ्रायबुर्गच्या वाल्टर ऑयकेन यांच्या परंपरेत वाढलेले ज्येष्ठ, ज्यांना अर्थव्यवस्थेचे नियम काय असावेत यात रस. दुसरीकडे इंग्रजी जर्नलांत लिहिणारे, आकडेवारीत रमणारे तरुण. जुलै २०१२ मध्ये हान्स-वेर्नर झिन आणि वाल्टर क्रेमर यांनी युरोपीय बँकिंग युनियनविरुद्ध, म्हणजे बँकांची जबाबदारी युरो देशांनी मिळून उचलण्याच्या योजनेविरुद्ध, पत्र काढलं. ईमेलवरून दीडशेहून जास्त सह्या झटपट जमल्या आणि काही दिवसांतच दुसऱ्या गटाची उलट पत्रकं आली. सहीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. सही मागायला ईमेल कुणाला गेला, यावरच निम्मी यादी ठरते.

कल आणि पुरावा समोरासमोर आले की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे किमान वेतन. जानेवारी २०१५ पासून जर्मनीत ताशी ८.५० युरो हे किमान वेतन लागू झालं. त्याआधी तिथल्या मोठ्या संशोधन संस्थांच्या प्रमुखांनी नोकऱ्या बुडतील असा इशारा दिला होता. क्रिस्टियान डुस्टमान आणि सहकाऱ्यांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पगार वाढले, रोजगार घटला नाही, आणि बरेच कामगार छोट्या, कमी पगार देणाऱ्या कंपन्यांतून मोठ्या, बऱ्या पगाराच्या कंपन्यांत गेले. भाकितं चुकल्याचं कुणी पत्रक काढून सांगितलं नाही. पण ‘किमान वेतन म्हणजे हमखास बेकारी’ हे वाक्य पूर्वीच्या ठसक्यात फारसं ऐकू येईनासं झालं.

ऑनलाइन संस्कृतीचा खरा नमुना मात्र मार्च २०२२ चा. रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि रशियन गॅस तोडला तर जर्मनीचं काय होईल हा प्रश्न उभा राहिला. नऊ अर्थशास्त्रज्ञांनी काही दिवसांत गणित मांडलं: नुकसान जीडीपीच्या अर्धा ते तीन टक्के, म्हणजे दुखेल पण मरणार नाही. गणिताचा कळीचा मुद्दा होता, गॅसऐवजी दुसरं इंधन किंवा आयात केलेला कच्चा माल किती सहज वापरता येतो. अगदी थोडी लवचीकता असली तरी नुकसान खूप कमी होतं. चान्सलर ओलाफ शोल्त्स टीव्हीवर भडकले, अशी न चालणारी गणिती मॉडेलं मांडणं बेजबाबदारपणाचं आहे म्हणाले. मग ट्विटरवर जे पेटलं! नऊ लेखकांपैकी र्‍युडिगर बाखमान अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात, बेन्यामिन मोल लंडनला. जर्मनीच्या धोरणावरचा हा जर्मन वाद बराचसा इंग्रजीत आणि परदेशातून चालला होता. दुसऱ्या बाजूला मानहाइमचे टॉम क्रेब्स फटका बराच मोठा बसेल असं मांडत होते. गंमत म्हणजे रासायनिक उद्योगाचे मालक आणि त्याच उद्योगातली कामगार संघटना दोघेही रशियन गॅसवरच्या बंदीच्या विरोधात एका सुरात बोलत होते. डावं-उजवं लेबल लावायला कुणाला जागाच उरली नाही.

रशियानंच त्या वर्षी नॉर्ड स्ट्रीम या पाइपलाइनचा गॅस बंद केला. हिवाळा सौम्य निघाला, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आणला गेला, घरांनी आणि कारखान्यांनी वापर कमी केला, आणि भाकीत केलेला प्रलय आला नाही. तरी त्यानंतर जर्मन अर्थव्यवस्था मरगळलेलीच राहिली, म्हणून दोन्ही बाजूंना आपलंच खरं ठरलं असं वाटत राहिलं.

मार्च २०२५ मध्ये चार अर्थशास्त्रज्ञांनी मिळून संरक्षण आणि पायाभूत सुविधांसाठी कर्ज काढण्याचा प्रस्ताव मांडला: म्युनिकच्या इफो संस्थेचे क्लेमेन्स फुएस्ट, मालकवर्गाच्या पैशावर चालणाऱ्या कलोनच्या संस्थेचे मिखाएल ह्यूटर, कीलचे मोरिट्स शुलारिक आणि सोशल डेमोक्रॅटांच्या जवळचे येन्स झ्यूडेकुम. संसदेनं त्याच महिन्यात ५०० अब्ज युरोच्या पायाभूत निधीला वाट करून दिली. काटकसरीचा पाठ इतकी वर्षं घोकलेल्या या जमातीनं कर्जाला हिरवा कंदील दाखवावा, याचं जुन्या ज्येष्ठांना वाईट वाटलं असणार. पण झ्यूडेकुम आणि ह्यूटर यांची नावं एकाच कागदाखाली पाहून ‘हे डावे की उजवे’ ठरवणाऱ्यांची जास्त पंचाईत झाली.