ऑइल गळतंय म्हणजे इंजिन गेलं?

"गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की इंजिन गेलं समजा, लगेच विकून टाका." पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा सल्ला फुकट मिळतो. (देणारा खाली वाकून मात्र कधी पाहत नाही.) बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

ऑइल गळणं वेगळं, जळणं वेगळं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल आत जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलची शंका घ्यावी. खालचा डाग बहुधा वयानुसार कडक झालेल्या रबरी सील-पॅकिंगमधून गळलेल्या ऑइलचा असतो.

आमच्या जुन्या गाडीखाली रात्री पुठ्ठा सरकवला. सकाळी रुपयाएवढे दोन डाग. इंजिन पुसून, गाडी चालवून पाहिलं तर ऑइल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेनं ओघळत होतं. पॅकिंग नाना पेठेत मिळालं, काम तासाभरात झालं. हीच गळती क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या, गिअरबॉक्सकडच्या सीलची असती, तर सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी भारी पडली असती. तिथे थेंब-थेंबच असेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहून ऑइल टॉपअप करत राहावं आणि क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा सील बदलून घ्यावं.

गरम एक्झॉस्टवर किंवा टायमिंग बेल्टवर ओघळत असेल, तर मात्र दुरुस्ती लांबवू नका. आणि कुठलंही सील बदलण्याआधी मेकॅनिकला इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय का ते बघायला सांगा. तो तुंबला असेल, तर आतला दाब नवं सीलही गळवतो.