कल्ट आणि क्लासिक: लोटलीचं घर आणि शापोऱ्याचा तट

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरला की थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी दोन शेरे हमखास असतात: 'कल्ट आहे' आणि 'क्लासिक आहे'. बहुतेकांना म्हणायचं एवढंच असतं की सिनेमा फार आवडला. पण हे दोन मान वेगळे आहेत, आणि तो फरक समजायला गोव्यातच चित्रित झालेले दोन सिनेमे पुरतात.

श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (1985) लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या घरात चित्रित झाला. काळ 1961 चा, पोर्तुगीज राजवटीचे शेवटचे दिवस. नवरा वारलेली दोना मारिया (लीला नायडू) त्याचा आत्मा बोलावायला बसते. मेणबत्त्यांचा उजेड, टेबलाभोवतीची माणसं, आणि नवऱ्याऐवजी समोर येतो तो पोर्तुगीजांविरुद्ध बंड करणारा कुष्टोबा राणे! सत्तरी तालुक्यातल्या राण्यांच्या बंडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटाच येतो. पहिल्या वेळी मला यात एका घराची कुरबूर दिसली होती. पुढे पाहिला तेव्हा त्या घराण्याचा जुना हिशोब दिसला, आणि परवा पाहिला तेव्हा नोकरमाणसांचे चेहरे. दर खेपेला सिनेमा काहीतरी नवं हाती ठेवतो. क्लासिक मी म्हणते ते याला. तो एकट्याने पाहिला तरी उणा पडत नाही.

आता 'दिल चाहता है' (2001). तीन मित्र शापोरा किल्ल्याच्या तटावर समुद्राकडे बघत बसतात. दृश्य तसं छोटंच. पण आजही पोरं खास तेवढ्यासाठी किल्ला चढतात, तशीच ओळीने बसतात आणि पाठीमागून फोटो काढून घेतात. 'त्रिकाल' पाहून लोटलीच्या घरासमोर असं कुणी बसल्याचं मी ऐकलेलं नाही. कल्टला माणसं लागतात, चार जणांनी मिळून पाळायचा रिवाज लागतो. त्यात नवं काही सापडावं अशी अपेक्षाच नसते. सगळं जसंच्या तसं हवं असतं. आपल्या जत्रेतल्या नाटकासारखं: संवाद पाठ असलेला माणूसच सगळ्यात पुढे जागा धरतो.

पडलेला सिनेमाच कल्ट होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. 'जाने भी दो यारों' (1983) थिएटरात फारसा चालला नाही, हे खरं. पुढे टीव्हीने त्याला घराघरांत नेलं, आणि द्रौपदीच्या वेशातल्या डिमेलोच्या प्रेतासाठी महाभारताच्या रंगमंचावर उडणारी ती झुंबड लोकांना तोंडपाठ झाली. पण 'अशी ही बनवाबनवी' (1988) पहिल्यापासून गाजलेला, आणि तरी त्याच्याइतका पक्का कल्ट मराठीत दुसरा नाही. पणजीत काय, फोंड्यात काय, एकाने त्यातलं अर्धं वाक्य टाकावं, उरलेलं दुसरा पुरं करतो.

काही सिनेमे दोन्हीकडे बसतात. 'शोले' (1975) आहेच. माझ्या लेखी 'सामना'ही, कारण डॉ. लागूंचा मास्तर निळू फुल्यांच्या हिंदुरावला पुन्हा पुन्हा विचारतो ते 'मारुती कांबळेचं काय झालं?' सिनेमा न पाहिलेलाही विचारतो.

राहिला ऑफबीट, म्हणजे चाकोरीबाहेरचा सिनेमा. हा शब्द सिनेमा कसा बनला ते सांगतो, पुढे त्याचं काय झालं ते नाही. लक्ष्मीकांत शेटगांवकरांच्या 'पलतडचो मुनिस' या कोकणी सिनेमाला 2009 साली टोरांटोच्या महोत्सवात फिप्रेस्की हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. जंगलातला एकटा वनरक्षक आणि भरकटत आलेली एक वेडसर बाई, त्यांना नावं ठेवणारा गाव, एवढीच त्याची गोष्ट. त्याच्या वाक्यांची कुणी पारायणं करत नाही, म्हणून तो कल्ट नाही. क्लासिक मात्र मी त्याला आजच म्हणेन. इथल्या रानाची शांतता इतक्या नेमकेपणाने टिपलेला दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही, आणि तो महोत्सवापुरता राहू नये, गावोगावच्या शाळांत दाखवला जावा असं मला मनापासून वाटतं.